मेंदू म्हणजे संगणक आहे का?



वर्गात एखादा मुलगा भराभर हिशेब करतो. तेव्हा आपण म्हणतो, "याचे डोके म्हणजे अगदी कंप्युटर आहे!" एखाद्या मुलीला कालचा धडा आठवत नाही. ती कपाळावर हात मारते आणि म्हणते, "माझी मेमरीच कमी आहे." ही वाक्ये आपण थट्टेने बोलतो, पण बोलता बोलता ती आपल्याला खरी वाटू लागतात. डोके हे एक यंत्र आहे, कोणाला ते भारी मिळाले आणि कोणाला हलके, असे आपण मानू लागतो.

हे खरे आहे का? माणसाच्या मेंदूची तुलना संगणकाशी करता येईल का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. चला, सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याने निघू या.

याच रस्त्यालगत, मोहोळ तालुक्यात, चिंचोळी एमआयडीसी आहे. एमआयडीसी म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. राज्यात ठिकठिकाणी उद्योगधंदे वाढावेत म्हणून १९६२ साली हे महामंडळ स्थापन झाले. चिंचोळीत रसायनांचे, औषधांचे, मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. तुमच्यापैकी काहींचे वडील, चाचा किंवा मोठे भाऊ अशाच कारखान्यांत पाळीला जात असतील.

समजा, आपण सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गेलो. तेथे संगणकावर चालणारे एक यंत्र आहे. त्याला सीएनसी यंत्र म्हणतात. यंत्राजवळ एक अनुभवी कामगार उभे आहेत. आपण त्यांना चाचा म्हणू. चाचा बटण दाबतात. आतला लोखंडाचा तुकडा गरगर फिरू लागतो. हत्यार पुढे सरकते, मागे येते, पुन्हा पुढे सरकते. थोड्याच वेळात तुकड्याचा सुबक भाग तयार होतो. पहिला भाग आणि शंभरावा भाग यांत केसाच्या जाडीइतकाही फरक नसतो. यंत्र कंटाळत नाही, त्याला झोप येत नाही, ते गप्पा मारत नाही. सांगितले तेवढे आणि सांगितले तसे ते करते.

इतक्यात चाचा कान टवकारतात आणि यंत्र थांबवतात. आपल्याला काहीच वेगळे जाणवलेले नसते.

"काय झाले, चाचा?" आपण विचारतो.

"हत्याराची धार गेली."

"तुम्हांला कसे कळले?"

"आवाज बदलला ना, बेटा!"

बदललेला आवाज ओळखणारी यंत्रेही आता निघाली आहेत. पण कोणता आवाज ऐकायचा आणि तो ऐकल्यावर काय करायचे, हे त्यांना आधी शिकवून ठेवावे लागते. चाचांना हे कोणी सूत्र म्हणून शिकवलेले नाही. वर्षानुवर्षे यंत्राशेजारी उभे राहून त्यांच्या कानाला ते कळले आहे. एकाच जागी दोन प्रकारची हुशारी काम करत आहे : एक यंत्रातली आणि एक चाचांच्या डोक्यातली. त्या दोन्ही सारख्या आहेत का, हे पाहण्यासाठी आधी संगणक म्हणजे काय ते समजून घेऊ.

त्यासाठी घरातली सोलापुरी चादर बाहेर काढा. तिच्यावर फुले असतील, मोर असेल किंवा नक्षी असेल. हे चित्र रंगाने छापलेले नाही. ते धाग्यांतून विणलेले आहे. कापडात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात. आडवे धागे असतात, त्यांना बाणा म्हणतात. उर्दूत तुम्ही ताना-बाना म्हणता, तेच हे. फूल विणायचे तर प्रत्येक वेळी ताण्याचे ठरावीक धागे उचलावे लागतात आणि बाकीचे खाली ठेवावे लागतात. हजारो धाग्यांमधून हे ध्यानात कसे ठेवायचे?

फ्रान्समधील लिआँ शहरातील जोसेफ मारी जॅकार्ड याने यावर एक युक्ती काढली. १८०४ च्या सुमारास त्याने माग तयार केला. त्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बसवली होती. पुठ्ठ्यात छिद्र असेल तर धागा वर उचलला जाई. छिद्र नसेल तर धागा खाली राही. एक पुठ्ठा म्हणजे नक्षीची एक ओळ. पुठ्ठे बदलले की नक्षी बदले. सोलापूरच्या चादरीला आपण जॅकार्ड चादर म्हणतो, ते या माणसाच्या नावावरून. आता पुष्कळ मागांवर पुठ्ठ्याचे काम संगणक करतो. पण युक्ती तीच आहे.

ही युक्ती इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने पाहिली. धाग्यांऐवजी आकडे विणता येतील का, असा विचार त्याच्या मनात आला. १८३० नंतरच्या काळात त्याने गणित करणाऱ्या एका मोठ्या यंत्राचा आराखडा काढला. त्याला हुकूम देण्यासाठी त्याने जॅकार्डसारखे छिद्रांचे पुठ्ठेच योजले होते. ते यंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झाले नाही. पण एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्राविषयी सविस्तर टिपणे लिहिली. हे यंत्र आपण होऊन नवे काही निर्माण करणार नाही, आपल्याला जे सांगता येईल तेवढेच ते करील, असे मत तिने त्यांत मांडले. पुढे १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेची मोजणी छिद्रांच्या कार्डांवरून करण्यात आली. अशा पायऱ्या चढत चढत संगणक तयार झाला.

भारतातही हे काम झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक तयार झाला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. तेथे डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बनवला.

संगणकाच्या मुळाशी अशी साधी गोष्ट आहे. छिद्र आहे किंवा नाही. वीज आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. अक्षर, आवाज, चित्र, हिशेब, सगळे काही तो एक आणि शून्य यांच्या रांगांत बदलतो. मग ठरलेल्या पायऱ्यांनी त्यांवर क्रिया करतो. अशा ठरलेल्या पायऱ्यांना 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारे थोर गणितज्ञ अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला आहे. भारतीय अंक आणि त्यांनी करायचे हिशेब यांवर त्यांनी पुस्तक लिहिले होते.

आता मेंदूकडे वळू. आपल्या कवटीत सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा एक मऊ गोळा आहे. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एकेक चेतापेशी हजारो चेतापेशींशी जोडलेली असते. तिच्यात विजेचा एक सूक्ष्म संदेश निर्माण होतो आणि तो पुढच्या पेशीकडे जातो. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांच्याकडून मेंदूला माहिती मिळते. मेंदू ती जुळवतो, काही साठवतो आणि हातापायांना हुकूम देतो.

येथे साम्य दिसते की नाही? संगणकालाही माहिती आत घ्यावी लागते, साठवावी लागते, तिच्यावर काम करून उत्तर बाहेर द्यावे लागते. चेतापेशीही एक तर संदेश पाठवते किंवा पाठवत नाही. म्हणजे पुन्हा एक किंवा शून्य! १९४३ साली अमेरिकेत मॅकलक आणि पिट्स या दोन शास्त्रज्ञांनी हेच दाखवले, की चेतापेशींच्या जाळ्याचे काम गणिताच्या भाषेत मांडता येते. तेव्हा मेंदूची संगणकाशी तुलना ही केवळ थट्टा नाही. तिला आधार आहे.

पण साम्य पाहिले तसा फरकही पाहिला पाहिजे. एक छोटा प्रयोग करा. कागद-पेन्सिल घ्या आणि ४७३८ ला ६२९५ ने गुणा. उत्तर २,९८,२५,७१० येते. तुम्हांला दोन-तीन मिनिटे लागली असतील. साध्या कॅल्क्युलेटरला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. आता दुसरा प्रयोग. आठवडी बाजाराच्या गर्दीत शंभर आवाज येत आहेत. त्यातून तुमच्या आईने तुम्हांला हाक मारली, तर तुम्ही लगेच वळून पाहाल. सर्दीने तिचा आवाज बसला असला तरी ओळखाल. या कामासाठी तुम्ही कागद-पेन्सिल घेतली का? नाही. आपल्याला अवघड वाटते ते यंत्राला सोपे आणि आपल्याला सहज जमते ते यंत्राला शिकवायला फार अवघड, असे पुष्कळदा दिसते.

काही माणसे हिशेबातही यंत्राशी सामना देतात. बंगळूरच्या शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनमध्ये तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी करून दाखवला. पण अशी माणसे लाखांत एक. त्यावरून सर्वांचे मोजमाप करू नये.

असे का होते? पहिले कारण वेग आणि रचना. आजचा घरगुती संगणकही एका सेकंदात सुमारे ३०० कोटी ठोके घेतो. चेतापेशी सेकंदाला फार तर काही शे संदेश पाठवते. वेगाच्या शर्यतीत मेंदू कासवासारखा आहे. मात्र मेंदूत कोट्यवधी पेशी एकाच वेळी काम करतात. एक विणकर एका मागावर किती विणणार? पण सारी पेठ एकदम विणू लागली तर रात्रीत ठाण उभे राहते. मेंदूचे काम पेठेसारखे आहे. आणि खर्च किती कमी! मेंदू सुमारे २० वॅट शक्तीवर चालतो. घरातल्या एका लहान दिव्याला जेवढी वीज लागते, जवळजवळ तेवढीच.

दुसरे कारण स्मरणशक्ती. संगणक माहिती ठेवतो ती कपाटातल्या दप्तरासारखी. ठेवली तशीच परत मिळते. आपली आठवण तशी नसते. १९३२ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना एक अनोळखी गोष्ट वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी बदलत गेली. न समजलेले भाग गळाले. ओळखीचे भाग आत शिरले. म्हणजे आठवताना आपण जुनी वस्तू बाहेर काढत नाही. आपण ती गोष्ट नव्याने विणतो. म्हणूनच समजून घेतलेला धडा लक्षात राहतो आणि नुसता घोकलेला धडा निसटतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. सीएनसी यंत्राने लाख भाग कातले तरी त्याचे लोखंड शहाणे होत नाही. मेंदू मात्र कामाने बदलतो. लंडनमध्ये टॅक्सी चालवण्याचा परवाना मिळवायला सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागत. २००० साली एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चालकांच्या मेंदूची चित्रे घेतली. रस्ते लक्षात ठेवण्याशी संबंध असलेला मेंदूचा एक भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला. पुढे २०११ साली शिकाऊ चालकांची आधी आणि नंतर तपासणी केली. अभ्यास करून परीक्षा पास झालेल्यांमध्ये तो भाग वाढलेला दिसला. म्हणजे यंत्र आणि त्याला दिलेला हुकूम या संगणकात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूत त्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. शिकणे म्हणजे मेंदूची घडण बदलणे.

याचे उदाहरण हवे असेल तर स्वतःकडेच पाहा. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता. हा धडा तुम्ही डावीकडून उजवीकडे वाचत आहात. तास बदलला की तुमचे डोळे दिशा बदलतात. 'कारखाना', 'दप्तर', 'हुशार' हे शब्द दोन्ही भाषांत भेटले की तुम्हांला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. जन्मतः तुम्हांला यातली एकही लिपी येत नव्हती. तुमच्या मेंदूने ती सरावाने आपलीशी केली आहे.

येथे तुम्ही एक शंका विचाराल. "पण संगणकही आता शिकतात ना?" शंका बरोबर आहे. १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला हरवले. तो एका सेकंदात सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. २०१६ साली 'अल्फागो' या संगणक-प्रणालीने 'गो' या खेळात कोरियाच्या ली सेडॉल याला चार विरुद्ध एक असे हरवले. ती प्रणाली असंख्य डाव पाहून आणि स्वतःशी खेळून शिकली होती. आता तर संगणक भाषांतर करतात, चित्रे काढतात, माणसासारखे संभाषण करतात. यांतील अनेक प्रणाली चेतापेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या कल्पनेवर उभ्या आहेत. या कामाचा पाया घालणाऱ्या जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे पूर्वी मेंदू समजावा म्हणून आपण संगणकाकडे पाहत होतो. आता संगणक घडवण्यासाठी मेंदूकडे पाहू लागलो आहोत.

तरीही घाई करू नका. हातमागावर चादर विणली जाते आणि यंत्रमागावरही विणली जाते. चादर दोन्हीकडे चादरच. म्हणून हातमाग आणि यंत्रमाग एकच आहेत असे कोणी म्हणेल का? उत्तर सारखे आले म्हणजे रीत सारखी असते असे नाही. मूल दोन-चार मांजरे पाहून मांजर ओळखू लागते. संगणकाला शिकवण्यासाठी बहुधा हजारो-लाखो चित्रे दाखवावी लागतात. शिवाय मेंदू एकटा कवटीत राहत नाही. त्याला शरीर आहे. त्याला भूक लागते, तो घाबरतो, त्याला आनंद होतो. चाचांनी यंत्र थांबवले, कारण खराब माल गेला तर नुकसान होईल, कोणाला इजा होईल, ही काळजी त्यांना होती. यंत्राला हरण्याचे दुःख नसते आणि जिंकण्याची मिठाई वाटावीशी वाटत नाही.

शास्त्रज्ञांमध्येही याबाबत एकमत नाही. १९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने यंत्राला विचार करता येईल का, असा प्रश्न मांडला. यंत्र आणि माणूस यांच्या उत्तरांत फरकच ओळखता आला नाही, तर यंत्र विचार करते असे मानायला हरकत काय, असे त्याचे म्हणणे होते. मेंदू हा एक प्रकारचा संगणकच आहे, फक्त वेगळ्या मालाचा बनलेला, असे आजही अनेक शास्त्रज्ञ मानतात. जाणीव आणि भावना यांचा उलगडा नुसत्या हिशेबाने होणार नाही, असे इतर काही मानतात. हा वाद अजून मिटलेला नाही. कदाचित तुमच्यापैकीच कोणी पुढे या कामात भर घालील.

आणखी एक गंमत लक्षात घ्या. सतराव्या शतकात युरोपात पाण्याच्या जोरावर हलणाऱ्या पुतळ्यांचे कौतुक होते. तेव्हा विद्वानांनी शरीराच्या नसांची तुलना पाण्याच्या नळांशी केली. पुढे तार आली, तेव्हा नसा तारांसारख्या वाटल्या. टेलिफोन आला, तेव्हा मेंदू टेलिफोन एक्स्चेंजसारखा वाटला. मग संगणक आला. प्रत्येक काळातल्या माणसांनी आपल्या सर्वांत नव्या यंत्राचा चष्मा लावून मेंदूकडे पाहिले. चष्म्याने दिसते, पण चष्म्याचा रंग वस्तूचा रंग समजू नये.

आता तुम्ही म्हणाल, या सर्वांचा आम्हांला काय उपयोग? उपयोग आहे. घरी तुम्ही ऐकत असाल, "नवीन मशीन आली, चार माणसांचे काम आता एकच माणूस करतो." ही चिंता खोटी नाही. ठरलेले काम पुन्हा पुन्हा करण्यात यंत्र माणसाला मागे टाकते आणि त्यामुळे काही हातांचे काम जाते. सोलापूरच्या कामगारांनी हे अनुभवले आहे. म्हणून यंत्राशी त्याच्याच खेळात शर्यत लावू नका. जे नुसते घोकून येते ते यंत्राला आपल्यापेक्षा चांगले येते. का, कसे, कोणासाठी असे प्रश्न विचारायला शिका. यंत्र चालवायला शिका आणि ते कधी थांबवायचे हेही शिका.

दुसरा उपयोग तुमच्या स्वतःविषयी आहे. "माझी मेमरी कमी आहे" असे म्हणणारी ती मुलगी आठवते ना? तिला सांगा, दुकानातून आणलेल्या संगणकाची क्षमता खोक्यावर लिहिलेली असते. तुझ्या कपाळावर तसा आकडा लिहिलेला नाही. प्रत्येकाचा मेंदू सारखा नसतो हे खरे. कोणाला लवकर येते, कोणाला उशिरा. पण पुरेशी झोप घेतली, धडा समजून वाचला, पुस्तक मिटून तो आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगितला, तर आठवण पक्की होते.

तर मित्रांनो, आपल्या प्रश्नाचे उत्तर काय? मेंदूची संगणकाशी तुलना करता येते आणि तिच्यातून पुष्कळ शिकताही येते. मात्र तुलना म्हणजे बरोबरी नव्हे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. चादर हातात घ्या आणि तिच्यावरचे एक फूल नीट पाहा. धागा कोठे वर आला आहे आणि कोठे खाली गेला आहे ते बोटाने तपासा. मग घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, "तुमच्या कामातली कोणती गोष्ट मशीनला येत नाही?" जे उत्तर मिळेल ते वहीत मराठीत पाच वाक्यांत लिहा आणि उद्या वर्गात वाचून दाखवा.